पाव अंशाचा शोध

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून आयुष्याला शिस्त. पहाटे उठणे, चालायला जाणे, रोज रिसर्च पेपरची चार पानं. शिवाय जेवताना बर्फाचा विषय काढायचा नाही, ही हिची अट. पहाटे उठणं आज जमलं नाही, कारण संकल्पच मुळी नाश्ता झाल्यावर सुचला.

परिस्थिती अशी. नोकरीचा करार मार्चअखेर संपतो. अठ्ठावीस तारखेला कमिटीपुढे भाषण. कमिटी खूश झाली की आणखी तीन वर्षं. ती होणारच. वीस हजार वर्षांपूर्वी अर्धा खंड झाकून बसलेली बर्फाची चादर कशी वितळली, हे कॉम्प्युटरमध्ये पुन्हा घडवून दाखवणारा माणूस संस्थेच्या या मजल्यावर एकच आहे, आणि तो सध्या ही डायरी लिहितोय.

हिला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय. ही पुलांची इंजिनिअर. तिथे अख्ख्या टीमची प्रमुख करतायत म्हणे. मी म्हटलं, सरळ नाही कळवून टाक, इथे माझं पक्कं आहे. ती 'बघू' म्हणाली. म्हणजे पटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार
आमच्या धंद्यात एक जुनाट रीत आहे. मॉडेलमध्ये बर्फ ठेवला की त्याला आधी स्थिरस्थावर होऊ द्यायचं. म्हणजे हवामान काडीचंही न बदलता मॉडेलमधली काही हजार वर्षं नुसती जाऊ द्यायची. बर्फ आपल्या वजनाने पसरतो, बसतो, निवांत होतो. मग प्रयोग. यात मोठ्या कॉम्प्युटरचे तीन आठवडे खर्ची पडतात.

तीन आठवडे मी काय बर्फाला थोपटत बसू? नकाशा समोर ठेवून मॉडेलमध्ये बर्फाचा डोंगर हातानेच रचला. फार देखणा झालाय. बघताक्षणीच निवांत वाटतो.

शेजारच्या टेबलावर शंकासुर बसतो. हे नाव मीच ठेवलं आणि मजलाभर चाललं. तो म्हणाला की असा रचलेला बर्फ आपला आपणच ढासळायला लागतो. हा गृहस्थ गेली दोन वर्षं बर्फात खड्डे खणून त्याची जाडी मोजतोय. याला कल्पनाशक्तीचं काय कळणार! हसून सोडून दिलं.

चालायला जाणं उद्यापासून. बुटांची नाडी तुटली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
घरच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा थर इतका साठला होता की कप्पा बंद होईना. माणूस बोलवू या, असं ही म्हणाली. घरात बर्फाचा तज्ज्ञ असताना माणूस? थराची जाडी, खोलीचं तापमान, सगळं डोक्यात मांडून जाहीर केलं की पाणी व्हायला संध्याकाळ उजाडेल. बटण बंद केलं आणि जरा आडवा झालो.

पाणी दुपारीच झालं. स्वयंपाकघर ओलांडून ते पुढच्या खोलीत गेलं. तिथे सासूबाईंची बॅग जमिनीवर होती. त्या गुडघ्याच्या उपचारांसाठी महिनाभर आमच्याकडे आल्या आहेत. ओल्या चपला हातात धरून त्या म्हणाल्या की जावईबापूंचा वीस हजार वर्षांपूर्वीचा अंदाज बरोबर असेलही, तो तपासायला कोण जातंय!

फ्रीझरचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे गरम हवा आत गेली. गणित अचूक होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
विजय! मॉडेलमधलं हवामान चार अंशांनी तापवलं आणि चादरीचा एक तृतीयांश भाग गायब. आलेखाची रेघ काय सुरेख उतरली आहे! घसरगुंडीच. प्रिंट काढून टेबलासमोर लावली. शंकासुराने जवळ येऊन पाहिली आणि नुसतंच 'हं' म्हणाला. पोटात दुखतंय, दुसरं काही नाही.

पेपरची चार पानं आज नाही. आनंदाच्या दिवशी लिहू नये.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज जे झालं त्याने मी स्वतःच थक्क आहे. चार अंशांऐवजी एकच अंश दिला. तरीही एक तृतीयांश बर्फ गेला! म्हणून अर्धा अंश दिला. पुन्हा तितकाच! आजवर सगळे समजत आले की बर्फाला वितळायला भरपूर ऊब लागते. छे! बर्फाला फक्त निमित्त लागतं. भाषणाचं नाव ठरलं: 'बर्फाला निमित्त पुरतं'.

जेवताना बर्फाचा विषय काढला नाही. जेवणाआधी काढला होता, तो जेवण संपेपर्यंत पुरला.

१९ फेब्रुवारी, बुधवार
पाव अंश. तरी तितकाच! आता कमी करायला काही उरलेलंच नाही.

शंकासुर म्हणतो, उरलंय. शून्य अंश देऊन बघ. म्हणजे हवामान जसंच्या तसं ठेवून मॉडेल चालवायचं. मी त्याला शांतपणे समजावलं की काहीच न बदलता काय होतं हे बघण्यात शोध कसला? तो उठून चहा आणायला गेला. माझ्यासाठीही आणला. शेवटी वरमला बिचारा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
विभागप्रमुख बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. घसरगुंडी पाहिली, आणि त्यांनीही तेच विचारलं: शून्याची रेघ कुठे आहे? मी म्हणालो, कॉम्प्युटरवर चालू आहे. हे अगदी खोटं नव्हतं, कारण केबिनमधून बाहेर पडल्या पडल्या मी ती रांगेत लावलीच. भाषणाच्या आदल्या दिवशी येईल. निव्वळ उपचार.

करारवाढीबद्दल बाई काही बोलल्या नाहीत. असल्या गोष्टी आधी फोडत नसतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार
हिच्यापुढे भाषणाची तालीम केली. हिने विचारलं की वजन न टाकता नुसता पूल कसा वागतो हे आम्ही आधी बघतो, तसं तुमच्यात नसतं का? मी प्रेमाने सांगितलं की पूल वेगळा, बर्फ वेगळा. मध्ये ती आणखी काहीतरी म्हणाली. मी 'वा, छान' म्हणालो आणि पुढच्या चित्राकडे वळलो. वक्त्याने लय सोडू नये.

नंतर ती गॅलरीत फोनवर बराच वेळ बोलत होती. आवाजावरून त्या दुसऱ्या शहरातली माणसं असावीत. मध्येच हसलीसुद्धा. नकारही किती गोड शब्दांत देते! मला तिचा अभिमान वाटला. तीन वर्षं पक्की झाली की तिला कुठेतरी लांब फिरायला नेणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
शून्याची रेघ आली. उघडून पाहिली नाही. भाषणाच्या आदल्या दिवशी डोक्यावर बर्फ ठेवावा, नवे आकडे घालू नयेत. प्रोग्रॅमलाच सांगून ठेवलं की सगळ्या रेघा एका चित्रात काढ. शून्याची रेघ वर आडवी येईल, बाकीच्या खाली घसरतील. फरक डोळ्यांत भरेल.

शर्ट सासूबाईंनी इस्त्री करून दिला. माझ्यावर त्यांचा जीव आहे, दाखवत नाहीत इतकंच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
भाषण झालं. आवाज खणखणीत लागला. सुरुवातीच्या विनोदाला एकजण हसला.

मग ते चित्र आलं. वर आडवी रेघ नव्हती. बाईंनी विचारलं, शून्याची रेघ कोणती? मी पडद्याजवळ जाऊन शोधली. नावं पाच होती आणि रेघ एकच दिसत होती. बाकीच्या सगळ्या तिच्या खालीच होत्या, एकीवर एक. बाई म्हणाल्या, म्हणजे हवामान अजिबात बदललं नाही तरी तुमचा बर्फ तितकाच गेला. मग तो वितळवला कोणी? मी म्हणालो, प्रश्न अतिशय महत्त्वाचा आहे. शंकासुर मान खाली घालून बसला होता. तो मला हसत नव्हता, याचंच जास्त वाईट वाटलं.

एकंदरीत प्रतिसाद गंभीर. कमिटी विचारात पडली आहे, हे चांगलं लक्षण.

१ मार्च, शनिवार
बाईंची मेल. भाषा सभ्य आहे. मी रचलेला डोंगर बसलेलाच नव्हता. तो महिनाभर नुसता बसत होता, आणि त्या बसण्यालाच मी शोध समजलो. करार वाढवता येणार नाही.

मेल दोनदा वाचली. मग ठरवलं की हिला हे कळवायचं ते मानाने. ही गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिच्यासमोर उभं राहून सांगितलं की मी खूप विचार केला. तुझ्या कामाचं मोल मला कळतं. तू ती नोकरी घे, तुझ्यासाठी मी माझं संशोधन सोडतो. नवऱ्याने एकदा तरी मागे राहावं, वगैरे. चांगलं रंगलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की नोकरीला होकार तिने सोमवारीच कळवला, तालमीच्या वेळी मला सांगितलंही होतं, आणि मी 'वा, छान' म्हणालो होतो. आणि बाईंची मेल आली तेव्हा लॅपटॉप उघडाच होता. सकाळी मी झोपलेलो असताना तिने ती वाचली.

म्हणजे सगळं माहीत असूनही तिने ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला फार लाज वाटली.

ती हातातलं ओलं फडकं पिळत राहिली. ते केव्हाच पिळून झालं होतं. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं की मी तिच्याबरोबर येणार आहे की नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. इतके दिवस घरात मी एकटाच बोलत होतो, आणि एवढी एक गोष्ट तिला सांगायची राहून गेली होती.

हो म्हणालो. चिमटे देत उभा राहिलो.