मोहदरीच्या कोंडवाड्यातलं बेवारस जनावर

२८ ऑक्टोबर १९५७, सोमवार

आज दुपारी मोहदरीला पोचलो. केळापूरपर्यंत मोटार मिळाली, पुढे लखीराम नाईकांच्या रिकाम्या बैलगाडीत जागा झाली. नाईक इथल्याच तांड्याचे, बोलका माणूस. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कापूस फुटलेला. माझी बायको रुखमा म्हणाली, एवढ्या पांढऱ्यात आपलं गाठोडं ठेवलं तर पुन्हा सापडणार नाही, आणि हसली. हसली की तिला दम लागतो, म्हणून एरवी ती हसायचं टाळते. आज हसली.

ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यावर मला राखणदार म्हणून घेतलं आहे. वय एकसष्ट लिहिलं, खरं किती ते मलाही माहीत नाही. काम अवघड नाही. कोणाच्या पिकात शिरलेलं जनावर लोक आणून देतात. ते आत घ्यायचं, पंचायतीच्या वहीत लिहायचं, कडबा-पाणी करायचं. मालक आला, त्याने खुणा सांगितल्या, की सोडायचं. छातीएवढी काळ्या दगडांची भिंत आहे, वर बाभळीचे काटे, एक लोखंडी फाटक. आत कडुनिंब आणि पाण्याचा हौद. भिंतीला लागूनच आमची खोली. खिडकीतून सगळा कोंडवाडा दिसतो. रुखमाने आल्याआल्या सारवायला घेतलं. जागा मला आवडली.

ही वही माझी स्वतःची. मी चौथीपर्यंत शिकलेला. यवतमाळला कापसाच्या एका जिनात बावीस वर्षं फाटकावर होतो. एकदा तोंडी निरोपावर एक गाडी बाहेर सोडली, चिठ्ठी मागितली नाही. दोन गाठी गेल्या, आळ माझ्यावर आला आणि नोकरी गेली. माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. आता रोज लिहिणार. ही जागा गेली तर रुखमाला न्यायला दुसरं छप्पर नाही.

३१ ऑक्टोबर

दोन म्हशी, एक गोऱ्हा. मालक अजून कोणाचाच आला नाही. सरपंच भगवानराव सकाळी येऊन गेले. त्यांनी बजावलं, "उकंडा, मालक आल्याबिगर फाटक उघडाचं नाही. माह्या सासऱ्याची म्हैस असंन तरी नाही." मी म्हटलं, नाही उघडणार. ते गेल्यावर कुलूप ओढून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. रुखमा आतून म्हणाली, "अवो, ते कुलूप पयून जाईन का?" आणि तिला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबली नाही. इथली कोरडी हवा मानवेल असं वाटलं होतं.

४ नोव्हेंबर

लखीराम नाईकांनी भर दुपारी एक जनावर आणलं. गाडीवर दोरांनी बांधलेलं होतं. त्यांच्या ज्वारीत सापडलं. पाच गुंठे ज्वारी गोल आडवी झाली आहे, पण एक ताटही मोडलेलं नाही, सगळी ताटं फणीने विंचरल्यासारखी एका अंगाला निजलेली, असं ते सांगत होते.

जनावर वासराएवढं. रंग शाळेच्या पाटीचा. शिंगं नाहीत, शेपूट नाही. तोंड कुठल्या बाजूला ते समजत नाही. पाय मोजले तर एकदा चार आले, एकदा सहा. मी नाईकांना विचारलं, जात काय लिहू? ते म्हणाले, "मामा, लिवा काहीबी. माह्या जवारीत घुसलं होतं ना? मंग हे कोंडवाड्याचंच." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी लिहिलं, एक जनावर, बेवारस. जातीची जागा कोरी सोडली. कोरी सोडायला नको होती का, हाच विचार दिवसभर.

६ नोव्हेंबर

ते कडबा खात नाही, पाणी पीत नाही. एका जागी उभं राहतं आणि अंगाचा पुढचा भाग वर आभाळाकडे धरतं, कडुनिंबाच्या शेंड्याच्या जरा डावीकडे. दुपारपर्यंत तो रोख हळूहळू सरकतो. तिथे काही नाही, नुसतं ऊन. म्हशी पहिल्या दिवशी दूरच्या कोपऱ्यात दाटल्या होत्या. आज त्या त्याच्या मागे आल्या आहेत. गोऱ्हाही तिथेच होता; त्याच्या मालकाने आज येऊन खुणा बरोबर सांगितल्या, सोडला.

त्याच्या छातीवर पट्टा आहे आणि पट्ट्यात तळहाताएवढी चकती. चकतीतून तारेसारखं काहीतरी कातड्यात गेलं आहे आणि तिथे टाके घातले आहेत.

जहीर सायकलवाला पांढरकवड्याहून आला होता. इंजिनं, पंप दुरुस्त करणारा माणूस आहे, लोखंडातलं त्याला समजतं. भिंतीवरून वाकून त्याने बराच वेळ बघितलं आणि पानाची पिंक टाकायचं विसरला. मग सायकलच्या पिशवीतून नागपूरचा पेपर काढून मला वाचून दाखवला. रशियावाल्यांनी एका गोळ्यात कुत्री बसवून आभाळात पाठवली आहे. कुत्रीच्या छातीला तारा लावल्या आहेत, तिचं काळीज कसं चालतं ते खाली ऐकू येतं. मी विचारलं, परत कधी येणार? तो म्हणाला, "नाही येनार, चाचा. वापस आनाची सोयच नाही केली त्याहीनं."

मग त्याने जनावराकडे बोट केलं. "हेबी कोनाचं तरी कुत्रं आहे. खालून वर जाते, त वरून खाली काहून नाही येनार?"

७ नोव्हेंबर

जहीर आणि नाईक ज्वारीत जाऊन आले. तिथे दोन रांजणांएवढा एक गोळा आहे, नाईकांनी कडब्याखाली झाकून ठेवला होता. जहीरने कानस घासली, ओरखडा उठला नाही. जळल्याची खूण कुठेच नाही. तो म्हणतो, रशियाचा गोळा आग ओकत वर जातो, हा पडलेलाच नाही, कोणीतरी हाताने ठेवल्यासारखा ठेवला आहे. ज्यांनी ठेवला ते रशियाच्या किती पुढे असतील, याचा हिशेब त्याच्याने होत नाही. आत त्या जनावराच्या अंगाच्या मापाचा खळगा आहे. आणि आतून उघडायला कडी नाही.

माझ्या मनात एकच घोळत आहे. कुत्रीच्या तारांतून खाली ऐकू येतं, तर याच्या तारांतून वर ऐकू जात असेल. गेले तीन दिवस मी त्याच्यापाशी उभा राहून काय काय बोललो. घरं किती, माणसं किती, रुखमा आजारी आहे, मुलगा नाही. सगळं बोललो.

सरपंचांकडे गेलो, म्हटलं जनावर रानात सोडून देऊ. त्यांना हसू आवरेना. "काऊन रे, चंद्रावरचा मालक येऊन राह्यला का? आला त त्याचाबी अंगठा घे." पारावरची माणसं हसली. मीही हसल्यासारखं केलं. सोडायची परवानगी मिळाली नाही.

९ नोव्हेंबर

रुखमाचा खोकला थांबला.

परवा ती मला न सांगता आत गेली होती. जनावराच्या टाक्यांना हळद लावली, ओलं फडकं ठेवलं. म्हणाली, "कोनं शिवलं जी एवढं? मुकं आहे बिचारं." ती चकती टक् टक् वाजते. रुखमा तिच्यापाशी तासभर बसली आणि उठली तेव्हा छातीतली घरघर गेलेली. आज विहिरीवरून दोन घागरी घेऊन आली, एकदाही टेकली नाही. वीस वर्षांत मी तिला असं चालताना पाहिलं नाही.

मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण ती चुलीपाशी बसली होती तेव्हा मी तिचा श्वास ऐकला. चकतीच्या टकटकीवर चालला होता. एकाला एक लागून.

११ नोव्हेंबर

सोडलेल्या गोऱ्ह्याचा मालक आला. गोऱ्हा खात नाही, गोठ्यात आभाळाकडे तोंड करून उभा असतो. कोंडवाड्यातल्या म्हशीही तशाच. सगळ्यांचा रोख एक.

रुखमाने काल जेवण केलं नाही, आज नाही. भूक नाही म्हणते. दिवसभर आत. हाक मारली तर 'ओ' देते, पण वळत नाही.

गेल्या वर्षी नागपूरला जाऊन आम्ही दोघांनी दीक्षा घेतली, देव्हारा तेव्हाच उचलला. आज भीती वाटली तेव्हा जुनं नाव तोंडात आलं. ते गिळलं आणि बुद्धं सरणं म्हणत बसलो. मला तीनच ओळी येतात. त्या पुन्हा पुन्हा म्हटल्या.

१२ नोव्हेंबर

जनावर खाली बसलं. पहिल्यांदाच. त्याचा रंग राखेसारखा झाला आहे. रुखमा त्याच्या शेजारी उभी. मान वर, कडुनिंबाच्या शेंड्याच्या डावीकडे. डोळ्यांत ऊन जातं तरी पापणी लवत नाही. पदर माझ्या हाताने ओढून तिच्या डोक्यावर घेतला.

१३ नोव्हेंबर

जनावर मेलं. उचललं तर सुपाएवढंही वजन नाही. पट्टा त्याच्या अंगावर नव्हता.

रुखमाच्या लुगड्याखाली आहे. चकती छातीवर, टाके घातलेले, रक्ताचा थेंब नाही. मी बोटं घालून ओढली. तिचा श्वास तिथेच थांबला. ओठ निळे झाले. सोडली तर श्वास पुन्हा सुरू. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. माझ्या हाताने मी तिला—

ओढली तर ती जाते. ठेवली तर ते नेतात. कुत्री गेली आहे ना, ती परत येणार नाही आहे.

१४ नोव्हेंबर

नाईक ज्वारीतून पळत आले. फाटकाच्या बाहेरूनच बोलले. गोळ्यातला खळगा बदलला आहे. जनावराचा राहिला नाही. "मामा, त्यात बाई बसंन. मांडी घालून बसंन. मामीले घेऊन आजच्या आज जा इथून."

फाटक उघडायचं तर सरपंचांना विचारायला हवं म्हणून निरोप धाडला. ते आले, रुखमाला बघितलं, आणि हसले नाहीत. चार माणसांनी तिला उचलून पाहिलं. ती जागची हलली नाही. चौघेही धापा टाकत बाहेर गेले. जहीर पांढरकवड्याला डॉक्टर आणायला गेला आहे. अजून आला नाही.

१५ नोव्हेंबर, सकाळ

गोळा कोंडवाड्यात आहे. हौदापाशी. फाटकाचं कुलूप लागलेलं. भिंतीवरचा एक काटा वाकलेला नाही. कोणी आणला नाही.

१५ नोव्हेंबर, दुपार

सगळं गाव चिंचेखाली उभं आहे. जवळ कोणी येत नाही. सरपंच तिथून ओरडतात, उकंडा, फाटक उघडू नको, जे आहे ते आतच राहू दे.

मी उघडलं. जन्मात पहिल्यांदा कोणाला न विचारता.

म्हशी बाहेर पडल्या नाहीत. फाटक सताड उघडं आहे आणि एकही हलली नाही.

रुखमा गोळ्यापासून चार पावलांवर. मी मध्ये बसलो आहे. तिला जायचं असेल तर माझ्या अंगावरून— लिहितो आहे, म्हणजे हात अजून माझा आहे.

गोळा उघडा आहे. आत कडी नाही.

तिला सांगतो आहे. भाकरीचं पीठ संपत आलं. तुझं दुसरं लुगडं दोरीवर आहे. खोकला परत आला तरी चालेल, मी रोज शेक देईन, फक्त—

तिने मान खाली केली.

माझ्याकडे बघते आहे. डोळे तिचे. बघणं तिचं नाही. बैल घेताना बघतात तसं— दात, खांदे, पाय—

बोलली. आवाज रुखमाचाच, दम अजिबात नाही. म्हणाली, तू कोणाचा?

चाळीस वर्षांत तिने मला तू म्हटलं नाही.

मी म्हटलं, तुझा, रुखमा. तुझा. दुसऱ्या कोणाचा असणार.

तिने मान हलवली. लिहून घेतल्यासारखी.

पाठीमागे गोळ्यात आवाज. मेणासारखं काहीतरी— तिच्या खळग्याशेजारी दुसरा पडतो आहे. म्हातारा बसेल एवढा. मी असं म्हटलं नव्हतं. मी नुसतं उत्तर— माझे पाय— मी उठत नाही आहे, ते आपोआप उ