आवाजाचा दोष नाही

मी, पवित्रा गंगाधरराव मोहिते, वय चव्वेचाळीस, धंदा डीजे, राहणार अग्रहार, म्हैसूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणा माणसाचा दबाव नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवली तर हा कागद खोटा ठरेल. उद्या बुधवारी सकाळी इथे दवाखान्यात माझ्या डाव्या कानाच्या नसेवरची गाठ काढणार आहेत. ती मेंदूला टेकली आहे. उजवा कान आधीच गेला. मी मेले तर पुढे काय करायचे ते खाली लिहिले आहे. जगले आणि काहीच ऐकू आले नाही तर काय करायचे, ते मला लिहिता येत नाही.

१. वडिलांच्या मागे कुवेंपुनगरची जागा धाकटा भाऊ तरुण याला गेली आणि अग्रहारातले घर मला आले. खालच्या खोलीत वडिलांचे माइकसेट भाड्याने देण्याचे दुकान होते. माझी आई गिरिजाबाई हयात असेपर्यंत याच घरात राहील. तिला कोणीही हलवू नये, 'थोडे दिवस आमच्याकडे चल' असे गोड बोलूनसुद्धा नाही. तिच्यामागे घर कोणाला, ते कलम चारमध्ये आहे.

२. माझी दोन्ही टर्नटेबल, मिक्सर, स्पीकर आणि सर्व रेकॉर्डी सिंधूला द्याव्यात. सिंधू नोकरीसाठी पुण्याहून आली आणि इथलीच झाली. २०११ पासून श्रीरंगपट्टणच्या वाटेवरच्या एका बंद भातगिरणीत रविवारी दुपारी आम्ही दोघी टेक्नो आणि हाऊस वाजवत असू. त्या संगीताला बहुधा शब्द नसतात, ठेका तासन्‌तास थांबत नाही. फलक नाही, जाहिरात नाही. पत्ता त्याच दिवशी सकाळी फोनवर कळवायचा. चाळीस माणसे येत, पुढे दीडशे येऊ लागली. त्या गिरणीतून मी गोव्याला गेले, कोचीला गेले, एकदा बर्लिनच्या तळघरातही वाजवून आले. शेजाऱ्यांना आई सांगायची, "कंप्यूटरचं काम करते."

३. सिंधूच्या डाव्या पायाबद्दल लेखी कबुली. माझा उजवा कान २०२० पासून मंद होत होता. मी कोणाला सांगितले नाही. डीजेला एकाच कानाने ऐकू येते हे कळले असते तर बोलावणी थांबली असती. फेब्रुवारी २०२३ मध्ये गिरणीत उजवीकडची स्पीकरांची रास ठेक्याच्या हादऱ्याने सरकू लागली. सिंधूने ती खांद्याने अडवून धरली आणि ती ओरडत राहिली, "पावी, बंद कर!" मला वाटले, लोक आनंदाने ओरडत आहेत. मी आवाज आणखी वाढवला.

रास तिच्यावर कोसळली, पाय दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात तिने एवढेच विचारले, "ऐकू येत नाही हे मला तरी का नाही सांगितलंस?"

४. त्यानंतर मी तपासणी करून घेतली. दोन्ही बाजूंना गाठी निघाल्या. मी डॉक्टरांना म्हटले, धंदाच असा, कान जाणारच. ते म्हणाले, "सौंडिंद अल्लम्मा, रक्तदिंद बंदिदे." आवाजामुळे नाही, रक्तातून आले आहे. वडिलांना काय झाले होते, असे त्यांनी विचारले. माझे वडील पन्नाशीत ठार बहिरे झाले आणि मागून आलेल्या लॉरीचा हॉर्न ऐकू न आल्याने गेले. त्यांच्या श्राद्धाच्या पंगतीत तरुण सर्वांसमोर म्हणाला होता, "अप्पांचे कान माइकने खाल्ले, हिचे डिस्को खाणार." ते वाक्य मी विसरलेले नाही. ते चूक होते, याची नोंद इथे व्हावी.

डॉक्टरांनी तरुणला आणि त्याची मुलगी स्पृहा हिलाही तपासून घ्या, असे बजावले. मी तरुणला तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "अक्का, सुम्ने, उगाच भीती घालू नकोस. उद्या पोरीचं लग्न ठरवायचं झालं तर लोक काय म्हणतील?" स्पृहा चौदा वर्षांची आहे.

गेल्या महिन्यात स्पृहा माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, माझ्या डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते. बाबांना सांगू नकोस, शप्पथ घे." मी शपथ घेतली. तेव्हापासून मला झोप नाही. माझीही सुरुवात शिट्टीनेच झाली होती.

म्हणून आईच्या पश्चात घर स्पृहाला मिळावे, पण तिचे कान आणि डोके तपासल्याचा कागद सिंधूने पाहिल्यावरच. खर्च माझ्या ठेवीतून करावा. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी सिंधूकडे सोपवते.

५. माझ्या अंत्ययात्रेत माझे संगीत वाजवू नये. लोकांना नाचावेसे वाटेल आणि नाचता येणार नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, सहीपूर्वी. कलम चार लिहून झाल्यावर माझा हात थांबला. हा कागद मी मेल्यावरच उघडणार. तोवर मुलीने काय करायचे? मी शपथ मोडली. आई खाटेशेजारी बसली होती, तिला सगळे वाचून दाखवले. तिने चष्मा काढला, तरुणला फोन लावला आणि म्हणाली, "तुझ्या बापाला बहिरं होताना मी बघितलंय. पोरीला घेऊन ये. लग्नाचं मी बघते, तू ये."

तो चार वाजता आला. स्पृहा शाळेच्या गणवेशातच होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. कानाची तपासणी लगेच झाली. डावा कान कमी ऐकतो. डोक्याचे स्कॅनिंग उद्या सकाळी, माझ्या शस्त्रक्रियेच्याच वेळी, खालच्या मजल्यावर. तरुण दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, मलाही तपासणीसाठी नाव घालायला सांगितलं." जाताना स्पृहा परत फिरली आणि माझ्या डाव्या कानाशी वाकून म्हणाली, "मी रागावलेय. पण उद्या तू आधी बाहेर आलीस तर थांब माझ्यासाठी."

म्हणून कलम चारमधील अट मी खोडते आणि खोडल्या जागी सही करते. घर स्पृहाला, बिनशर्त. तिला पुढे कितीही ऐकू येवो.

सही: पवित्रा गं. मोहिते
साक्षीदार: १. वेंकोजीराव जाधव, शेजारी, अग्रहार. २. सुमा, परिचारिका.
दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.
म्हैसूर, मंगळवार, २४ जून २०२५