कस्तुरीपुढे माझीच गाऱ्हाणी

संतपूर, बुधवार

थोरली बहीण सुमनअक्का हिला धाकट्या राजपालचा सप्रेम जयभीम.

तू, मंगल आणि अजून नाव न ठेवलेली नात, तिघीही ठणठणीत असाल असं धरून चालतो. इकडे मी, कस्तुरी आणि तिचं रेडकू खुशाल आहोत (रेडकू जरा जास्तच, कारण पुढे येईल). हल्ली रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं तू म्हणशील. मंगलच्या सासरी तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मला जे कबूल करायचं आहे ते सगळ्या हैदराबादने ऐकायची गरज नाही. शेजारच्या शिवकन्येचा नवरा उद्या तिकडे येतो आहे, त्याच्या हाती हे देतो.

तर अक्का, म्हैस माझ्यावर सोपवून तू गेलीस, त्यानंतर पहिले पाच दिवस मी फोनवर "दूध व्यवस्थित आहे" असं सांगत होतो. दूध होतं व्यवस्थितच, पण कस्तुरीच्या कासेत. गुलबर्ग्याच्या ऑफिसात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या हेडक्लार्कला एक म्हैस काय जड, अशा तोऱ्यात मी पहिल्या दिवशी पॅन्ट-शर्टात, सकाळी आठला (ऑफिसच्या मानाने हे लवकरच) गोठ्यात गेलो. तिने बादलीसकट मला शेणात बसवलं. रेडकू लावलं की पान्हा सोडायची, मी बसलो की दूध चोरायची, म्हणजे सगळं दूध रेडकाच्याच पोटात. शिवकन्येलाही ती हात लावू देईना, पण शिवकन्येने मला शिकवलं तरी: नखं काप, पाचाच्या आत उठ, कोमट पाण्याने कास धू, अंगठा मिटून मुठीने ओढ, आणि बडबड करू नकोस. मी खुर्चीवरून न उठता वीस ज्युनियर तयार केले, आता उकिडवं बसून स्वतः शिकत होतो. ऑफिसात लोकांना "उद्या या" म्हणून वाटेला लावायचो. म्हशीला ते सांगता येत नाही, उद्यापर्यंत ती आटायला लागते. आणि जाताना तू म्हणाली होतीस, जमंना झालं तर सांग, मी माघारी येते. ओल्या बाळंतिणीला सोडून तू माझ्यामुळे यावंस, हे मला नको होतं.

सहाव्या दिवशी शिवकन्येच्या सल्ल्याने तुझं हिरवं पातळ पॅन्टवरूनच गुंडाळून, पदर घेऊन बसलो (डेअरीवाल्याने रस्त्यावरून "अक्का, कधी आलाव?" म्हणून विचारलं, मी नुसती मान हलवली). कस्तुरीने हुंगलं, लाथ मारली नाही, पण दूधही दिलं नाही. मान वळवून बघत राहिली, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी. अक्का धार काढताना गाणं म्हणते का, असं मी शिवकन्येला विचारलं. ती पदरात हसली.

"मामा, रागवू नगा," ती म्हणाली. "अक्का रोज हिच्याजवळ तुमचंच गाऱ्हाणं सांगत्यात. राजपाल फोन करत न्हाई, राजपाल येत न्हाई. ते ऐकल्याबिगर ही पान्हवत न्हाई."

आता दुसरा काय इलाज? मी कस्तुरीच्या पोटाला डोकं टेकवून सुरुवात केली: सदर राजपाल हा बहिणीस वेळेवर फोन करीत नाही, सबब... म्हशीने शेपटी माझ्या तोंडावर मारली. तिला सरकारी मराठी चालत नाही. मग मी आपल्या बोलीत सांगितलं.

"कस्तुरे, भावजी गेले तवा राजपाल तिसऱ्या दिवशीच निघून गेला. ऑफिसचं काम हाय म्हणाला."

पुढचं तुला कधी सांगितलं नाही ते तिला सांगितलं. त्या दिवशी ऑफिसात काहीच काम नव्हतं, अक्का. तुझं रडणं मला बघवत नव्हतं, म्हणून पळालो. मला फार लाज वाटते त्याची. हे बोलता बोलता बादलीत धार वाजायला लागली होती. त्या सकाळी तीन लिटर दूध निघालं आणि मी पदराने डोळे पुसून (पातळ नेसल्याचा तेवढा फायदा) सगळ्या गल्लीला चहा पाजला. इतका आनंद मला निवृत्तीच्या हारतुऱ्यांतही झाला नव्हता.

तेव्हा घाई करू नकोस. मंगलला तीन महिने नीट सांभाळ, पोरीचं नाव ठेवूनच ये.

तुझा, आणि सध्या कस्तुरीचाही ताबेदार,
राजपाल

ता. क. तुझ्या हिरव्या पातळाबद्दल विचारू नकोस.

ता. क. दुसरा: खरं काम हे की माझी गाऱ्हाणी आठवडाभरात संपतील. उरलेली सगळी, हातचं न राखता, तारीखवार लिहून शिवकन्येच्या नवऱ्याबरोबर पाठव. तुझ्याकडे कमी पडायची नाहीत.

ता. क. तिसरा: त्यातलं "राजपाल गावाकडं येत न्हाई" हे मात्र लिहू नकोस, ते आता चालणार नाही. गुलबर्ग्याची खोली मी सोडली आहे, ट्रंक तुझ्या ओसरीवर ठेवली आहे. काल हे कस्तुरीला सांगितलं तर तिने दूध आखडून घेतलं. तू तसं करू नकोस, अक्का.