फरशीवरचं सारवण

माय, आज गुडघ्याला तेल चोळताना तुझी लय आठवण आली, म्हणून लिहायला बसलो. निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगात मला नोकरी लागली आणि दसरा होताच पाथरीकडच्या आपल्या गावातून मी तुला मोठ्या ऐटीत बैलगाडीनं घेऊन आलो. जिनिंगाला लागूनच माडीवरची खोली, पायाखाली शहाबादी फरशी. "आता सारवायची कटकट न्हाई," मी म्हणालो. तू फरशीवर हात फिरवलास. "लय गुळगुळीत हाय बाबा." मला वाटलं, खूश झालीस.

आपलं गावचं घर मातीचं, वर मातीचंच धाबं. चुलीचा धूर व्हायचा, पावसाळ्यात गळायचंही, उगाच गोडवे गात नाही मी. पण तिथं तू उकिडवी बसून अंगण सारवायचीस, आडावर जायचीस, शेजारणीशी भांडून यायचीस. सेलूत दगडी जिन्याची तुला धास्ती. दिवसभर भिंतीला टेकून बसायचीस. पहाटे फरशीचा गारठा, दिवसा खिडकीतून उडत येणारा बारीक कापूस. दोन महिन्यांत गुडघे धरले, छाती वाजायला लागली.

एक दिवस कामावरून येतो तर काय, दूधवालीकडून शेण मागवून तू अख्खी फरशी सारवलेली! वाळून त्याच्या खपल्या उडालेल्या. मी तणतणलो, "मकानमालक काय म्हणील? जमिनीची पार नासाडी केलीस!" तू शांतपणे म्हणालीस, "जमीन कुठं हाय बाबा इथं?" मी रागारागानं खपल्या झाडत होतो आणि तुला भिंत धरूनही उठता येत नव्हतं. झाडू टाकून मी तुला धरून उभं केलं.

गावी थोरल्या दादाकडं सोडतो म्हटलं तर तू ऐकेनास. "लोकं म्हणतील, लेकानं म्हातारीला हाकललं. तुझी इज्जत जाईल." मग मी हकीमाकडून तेलाची बाटली आणली आणि बेधडक सांगितलं, "हकीमसाहेबांचा हुकूम हाय, मातीच्या घरातच राहायचं." त्या बिचाऱ्यानं नुसतं तेल दिलं होतं.

होळीला गावी आलो तर तू अंगणात उकिडवी, हात कोपरापर्यंत शेणात. छाती वाजत नव्हती. वहिनी मदतीला आली तर तिला दम देत होतीस, "सरक गं, हकीमाचं औषध हाय हे!" मला इतकं बरं वाटलं, माय! पुढं पुष्कळ वर्षं तू आपल्या पायांनी आडावर गेलीस.

आता मी परभणीत लेकाकडं, तिसऱ्या मजल्यावर राहतो. लेक-सून जीव लावतात, फरशी तर आरशासारखी चकचकीत. मी भिंतीला टेकून बसायलोय. काल लेकाला म्हणालो, "डॉक्टर म्हणतेत, गावच्या घरात राहा." त्याचा चेहरा उतरला. "लोक काय म्हणतील, बाबा?" मग स्वतःच म्हणाला, "डॉक्टरच म्हणत असतील तर जावं लागेल."

उद्या सकाळी निघायलोय. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, पिशवीच्या तळाशी ठेवलाय. माय, डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या दिल्यात.