आटलेल्या समुद्राची पेनी

१ जानेवारी १९३३, रविवार. सकाळी ७.
नवीन वही. ही फक्त माझ्यासाठी. रमाने वाचू नये. (म्हणाली, वाचायला वेळ कुणाला आहे. हा अपमान आहे की आश्वासन, ठरवता आलं नाही.)
या वर्षीचा निश्चय: मध्यप्रांत-वऱ्हाडात पेन्या या जुन्या विलायती नाण्यांचा जाणकार म्हणजे अमरावतीचे हेमचंद्र वकील, हे सर्वांना कळलं पाहिजे. वकिलीत नाव होईलच, तिथं घाई नाही.
आजचा साठा: पेन्या एक्केचाळीस. खेळण्यातली नाणी सतरा. ही मसुराएवढी, पितळी, एका बाजूला राणीचं डोकं. विलायतेतल्या पोरी बाहुल्यांचा बाजार मांडतात, त्यासाठी केलेली. लोक हसतात. लोकांना ठसा म्हणजे काय ते ठाऊक नाही. टाकसाळीत ठसा बदलला की नाण्यावर केसाएवढा फरक पडतो, आणि तो फरक ओळखणारा डोळा हजारात एकाला असतो. अमरावतीत एकालाच आहे.

३ जानेवारी.
रमाचा मसाल्याचा डबा जप्त केला. सात वाट्या, वर झाकण, खेळण्यातल्या नाण्यांसाठी अगदी सोयीचा. रमा म्हणाली, मोहरी कशात ठेवू. म्हटलं, कशातही. मोहरीला व्हरायटी नसते.

८ जानेवारी, रविवार. अकोला.
बडनेऱ्याला गाडी बदलून बापूसाहेबांकडे गेलो. बापूसाहेब चिखलदऱ्याला जंगल खात्यात हेडक्लार्क होते. तिथला एक कॉफीवाला साहेब मायदेशी जाताना त्यांना चहाचा पत्र्याचा डबा देऊन गेला. आत दोनशेवर पेन्या आणि मूठभर खेळण्यातली नाणी. हा डबा सहा वर्षं माझ्या डोक्यात आहे. बापूसाहेबांना मूलबाळ नाही. आता मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेले. म्हणजे डबा योग्य माणसाकडे जाण्याची वेळ आली.
तिथं शेषराव बसलेला. अकोल्याच्या बाजारात भाजी विकतो. गावाबाहेर मळा आहे. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या घेऊन आला होता आणि बापूसाहेबांशेजारी पेन्या हातात घेऊन पाहत होता. नखात माती! मी स्वच्छ रुमालाने धरतो.
त्याला इंग्रजी येत नाही. पेनीवर समुद्रकाठी बसलेल्या ब्रिटानिया देवीला तो ‘त्रिशूळवाली बाई’ म्हणतो. मी नाव दुरुस्त केलं. तो म्हणाला, नाव काई बी असो, बसते चांगली.
बापूसाहेब म्हणाले, पाडव्याला डबा दोघांपैकी एकाच्या हाती देईन. दोघांपैकी! दुसरा कोण, हे विचारण्याइतका मी असभ्य नाही. परतीच्या गाडीत विचार केला तेव्हा कळलं.

१४ जानेवारी. संक्रांत.
रमा म्हणाली, त्या अकोल्याच्या शेषरावांना पोस्टाने तिळगूळ पाठवा. पाठवला नाही. पोस्टात मुंग्या लागतात.

२२ जानेवारी, रविवार. अकोला.
आजचा दिवस चीड आणणारा. शेषरावने डब्यातून १९०२ची एक पेनी काढली आणि म्हणाला, बापूसाहेब, या बाईच्या मांगचा समुंदर आटला हाये. बाकीच्या पेन्यांत पाणी तिच्या मांडीपावतर येते, यात खाली गेलं.
मी मोठ्याने हसलो. म्हटलं, शेषराव, समुद्र काय विहीर आहे आटायला? बापूसाहेब हसले नाहीत. मी भिंग लावलं. पाणी खाली होतं.
मी म्हणालो, झीज आहे.
शेषराव म्हणाला, झिजली असती तर बाई पयले झिजली असती ना साहेब.
उत्तर देण्याजोगं ते बोलणं नव्हतं, म्हणून दिलं नाही.

२३ जानेवारी.
माझ्या १९०२च्या चारही पेन्या तपासल्या. चारही समुद्र भरलेले. मुद्दाम भरल्यासारखे.

५ फेब्रुवारी.
पुंजाराम हा माझा अशील. शेताच्या बांधाचा दावा. सध्या तो एकच अशील आहे, पण दावा मोठा आहे. दुपारी त्याला जेवायला थांबवलं. वरणाच्या फोडणीतून त्याच्या दाताखाली राणी आली. मोठ्याने ओरडला. दाढेचा तुकडा पडला.
चूक सर्वस्वी रमाची. तिने डबा परत घेऊन मोहरी भरली आणि एक नाणं वाटीच्या तळाशी राहिलं. रमा म्हणते, डबा तिचाच होता. हा कायद्याचा मुद्दा आहे, भावनेचा नाही.
नाणं धुतलं. राणीच्या अंबाड्यावर दाताची खूण. ही मात्र जगात एकच.

९ फेब्रुवारी.
पुंजारामने दावा महादेवराव वकिलांकडे नेला. जाऊ दे. बांधाचे दावे मला कधीच आवडले नाहीत. महादेवराव कोर्टात भेटले, म्हणाले, काय हो, जेवायला केव्हा बोलावता? बाररूममधले सगळे हसले. त्या सर्वांची नावं मी या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहेत.

१९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.
आज एका पेनीची सफाई केली. १९०२. ब्रिटानियाच्या मागं फार वर्षांचा मळ होता. शिवणाची सुई, नंतर चिंचेचं पाणी, नंतर राख. मळ निघाल्यावर मूळचा समुद्र खाली असल्याचं दिसून आलं.
हे शास्त्रीय काम आहे.
रमा सुई मागायला आली आणि बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, अहो, हे तुम्ही काय करून राहिले? मी म्हटलं, संशोधन. ती म्हणाली, कोर्टात असं कुणी कागदावर केलं तर त्याला काय म्हणतात? बायकांना पुराव्याचा कायदा समजावत बसणं शक्य नाही.

१२ मार्च.
पाडव्यासाठी निबंध तयार. फुलस्केपची बावीस पानं. सतरा पानं ठसेशास्त्रावर, पाच पानं अपात्र माणसाच्या हाती संग्रह गेल्यास होणाऱ्या हानीवर. नाव कुणाचं घेतलं नाही. फक्त ‘भाजीपाल्याचे व्यावसायिक’ असं म्हटलं आहे.

२७ मार्च, सोमवार. पाडवा. अकोला. लिहितोय बडनेऱ्याच्या फलाटावर.
जसं घडलं तसं लिहितो, म्हणजे पुढे कुणी विपर्यास करू नये.
मी निबंध वाचला. चौदाव्या पानावर बापूसाहेबांनी डोळे मिटले. ते एकाग्र झाले असावेत. मग मी माझी पेनी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणालो, आटलेला समुद्र केवळ तुमच्याच डब्यात नाही.
त्यांनी पेनीवर अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. म्हणाले, हेमचंद्रराव, इथं खरखर लागते.
मी म्हणालो, अमरावतीची हवा.
त्यांनी माझी पेनी मला परत दिली आणि माझी मूठ आपल्या हाताने बंद केली. लहान मुलाची करतात तशी. मला ते आवडलं नाही.
मग शेषरावला म्हणाले, तू काही आणलं नाहीस? तो म्हणाला, मी काय आणू, बापूसाहेब, तुमचंच पाहून राहिलो. आणि डब्यातली एक पेनी उचलून सांगू लागला. ही पाहा, ही जुनी, राणी म्हातारी झाल्यावरची. बाईचा त्रिशूळ त्या गोल पोटाच्या अक्षरापासून जरा दूर सरकला. बाकीच्यांत मधात राईचा दाणा मावते, यात तीळ मावते. कोण्या कारागिराचा हात हालला असंल. का त्याची त्या दिवशी घरी कटकट झाली असंल.
बापूसाहेब हसले. सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नाही. म्हणाले, मला दिसली रे. अजून सांग.
त्याने अजून सांगितलं. अर्धा तास. शास्त्रीय संज्ञा एकही नाही. सगळं धान्य, बियाणं आणि लोकांच्या घरच्या भानगडी. शेवटी बापूसाहेबांनी चाचपत डबा ओढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. म्हणाले, दर रविवारी येऊन एकेक वाचून दाखवायची.
अंध माणसाचा गैरफायदा घेणं याहून वेगळं काय असतं?
निघताना शेषराव दारापर्यंत आला. म्हणाला, साहेब, ती आटलेल्या समुंदराची पेनी बापूसाहेब लंडनले पाठवा म्हणतात. तिथं पेन्यांची मंडळी हाये. तुमाले इंग्रजी येते, चार वळी लिवून देसान का?
मी म्हटलं, मला वेळ नाही.
गाडी लेट आहे.

३ एप्रिल.
लंडनच्या त्याच मंडळाला मी माझी पेनी रजिस्टर पोस्टाने पाठवली. सोबत निबंधाचा इंग्रजी सारांश, नऊ पानं. शोधाची तारीख १९ फेब्रुवारी अशी लिहिली. नंतर शेषरावच्या २२ जानेवारीच्या आधीची बरी म्हणून ६ जानेवारी केली. तारखा या तपशिलाच्या गोष्टी आहेत.
शेषरावला अकोल्याच्या जानराव मास्तरांनी पत्र लिहून दिलं, असं कळलं. जानराव मास्तर तिसरीला इंग्रजी शिकवतात. लंडनवाले हसतील.

२९ एप्रिल.
ऊन. पोस्टमनला रोज विचारतो. आज तो मला पाहून पलीकडच्या गल्लीत वळला. वरिष्ठांकडे तक्रार करणार.

१४ मे.
लंडनहून काही नाही. विलंब हे चांगलं लक्षण आहे. क्षुल्लक गोष्टींना लगेच उत्तर देतात.
रमा आजकाल मला काही विचारत नाही. जेवण वाढते, आत जाते. घरात शांतता आहे. कामाला उत्तम. काम मात्र सध्या नाही.

४ जून, रविवार. दुपार.
सकाळी शेषराव दारात उभा. अकोल्याहून पहिल्या गाडीने आलेला. हातात लंडनचं पाकीट, न फोडलेलं. जानराव मास्तरांची यवतमाळला बदली झाली. म्हणाला, साहेब, एवढं वाचून द्या.
मला वेळ नाही असंच म्हणणार होतो. पण रमाने त्याला आत बोलावून पाट दिला, गूळ-पाणी दिलं.
पत्र फोडलं. टाइप केलेलं, तीन परिच्छेद. पहिल्यात लिहिलं होतं की, आपण पाठवलेली पेनी अस्सल असून खालच्या समुद्राचा ठसा फार थोड्या लोकांनी ओळखला आहे, आपल्या नजरेचं आम्हांला कौतुक वाटतं. हे मी सपाट आवाजात वाचलं, समन्स वाचतात तसं. तरी त्याचं तोंड फुललं. दुसऱ्यात, डब्यातल्या बाकीच्या नाण्यांबद्दलही कळवत जावं, अशी विनंती. तिसरा परिच्छेद मी मनात वाचला आणि पत्राची घडी केली.
शेषराव म्हणाला, साहेब, खाली अजून सात वळी दिसल्या मले.
मी म्हटलं, तो रामराम आहे. इंग्रजांची पद्धत.
तो म्हणाला, सात वळीचा रामराम?
रमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नुसती पाहत होती. दोन-तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहत होती.
घडी उघडली. वाचलं. आपल्याच प्रांतातून अमरावतीच्या एका वकिलाने तशीच पेनी आमच्याकडे पाठवली आहे. तीत समुद्र सुईसारख्या अवजाराने खरवडून खाली नेला आहे. अशा माणसाकडून काही विकत घेताना आपण सावध राहावं. पुढे माझं नाव होतं. संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. स्पेलिंग बरोबर होतं.
बाहेर एक बर्फाची गाडी गेली.
मग शेषराव म्हणाला, मले पाडव्यालेच सांगतलं व्हतं बापूसाहेबानं. तुमी गेल्यावर.
मी म्हणालो, मग माझ्याकडे काहून आलास? अकोल्यात इंग्रजी जाणणारे मेले काय?
हे मी ओरडून म्हणालो. आणि ‘का’ऐवजी त्याच्यासारखं ‘काहून’ म्हणालो, हे नंतर लक्षात आलं.
तो म्हणाला, बापूसाहेब म्हणतात, माणूस गमावू नये. आन्‌ वाचता तर येते ना तुमाले.
मग त्याने उत्तर लिहून मागितलं. मी दौत घेतली. तो सांगत गेला, मी इंग्रजीत करत गेलो. बाकीच्या नाण्यांची माहिती पाठवू. त्रिशूळ दूर सरकलेल्या पेनीची हकीकत, राईच्या दाण्यासकट. ‘तीळ’ला इंग्रजी शब्द आठवेना तेव्हा रमाने आतून डिक्शनरी आणून माझ्यापुढे ठेवली.
शेवटी मी विचारलं, आणि त्या तिसऱ्या परिच्छेदाचं?
शेषराव म्हणाला, लिवा, तो वकील माह्या ओळखीचा हाये. त्यानं मले काई इकलं नाई.
लिहिलं.
म्हणाला, पुढं लिवा, हे पत्र त्याच्याच हातचं हाये.
लेखणी थांबली. तो खाली वाकून कागदाकडे पाहत राहिला, जसा पेनीकडे पाहतो. वाचता येत नसूनही.
लिहिलं. अक्षर चांगलं आलं आहे.