शेवटच्या कर्ण्याखाली

मी, नृसिंह सखाराम इंगवले, वय वर्षे ५१, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही. कोणाच्या धाकाने किंवा कोणी कान भरले म्हणून लिहीत नाही. माझे कान भरण्याजोगे राहिलेले नाहीत. ते कसे, हे कलम चारमध्ये येईल.

कलम १. पेठेतील दोन खोल्यांचे घर मी स्वकमाईने बांधले. ते माझ्यामागे माझी पत्नी सौ. बनाबाई हिचे. मागच्या खोलीत मी बॅटऱ्या चार्ज करतो. त्या वासाने तिची तुळससुद्धा वाळली, आणि नऊ वर्षे ती मला त्याबद्दल बोलते आहे. आता त्या खोलीचे काय करायचे ते तिने ठरवावे. पोस्टातील बचतीचे पुस्तकही तिचेच.

कलम २. कागलकडील वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा धाकटा बंधू हंबीरराव यास द्यावा. आम्हांस मूलबाळ नाही, आणि शेती त्याला कळते. ज्याला जे कळते ते त्याला मिळावे, एवढाच माझा न्याय आहे.

त्याच न्यायाने माळ्यावर टांगलेला जळका कर्णाही त्यालाच द्यावा. सन १९५० मध्ये मला ताप होता म्हणून चंदगडच्या सभेला मी त्याला मशीन देऊन पाठवले. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज अशी त्याची समजूत. त्याने बटण शेवटापर्यंत पिळले, कर्ण्याची कॉइल जळाली, आणि बोलणाऱ्या गृहस्थांना उरलेले भाषण ओरडून पुरे करावे लागले. परत आल्यावर हंबीरराव म्हणाला, "आवाज लई दमदार हुता दादा. शेवटाला जरा बसला, एवढंच की." तो कर्णा मी सात वर्षे जपला आहे. विहिरीवर तेल ओतायला नसराळे म्हणून चालेल.

कलम ३. धंदा. मी तंबूतल्या सिनेमात यंत्र चालवीत होतो. सन १९४८ मध्ये तंबू बंद पडला, तेव्हा मालकाचे आवाज वाढवायचे जुने मशीन मी विकत घेतले. आज एक मशीन, दोन माईक, चार चालू कर्णे, बॅटऱ्या, तारेची भेंडोळी, छकडा आणि बैल एवढा पसारा आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, कागल येथे 'आवाज ऐकावा तर इंगवल्यांचा' असे लोक म्हणतात, आणि ते खरे आहे. हा सर्व धंदा, नावासकट, मी बनाबाईस देतो.

यावर हंबीररावाची हरकत येणार. गेल्या दिवाळीत तालमीसमोर चारचौघांत तो म्हणालाच आहे, "दादाच्या मागं धंदा घरच्या गड्याकडं यायला पायजे. वहिनीला काय कळतंय त्यातलं? दादा मुलखाचा बाईलवेडा, बायकोच्या इशाऱ्यावर नाचतोय. लोकांनी बी नाचायचं व्हय?"

कलम ४. बंधू हंबीररावाचे म्हणणे अक्षरशः खरे आहे.

सन १९५१ मध्ये एका गावच्या जत्रेत दारूचा औटगोळा उडाला तेव्हा मी फाजील हुशारीने त्याच्या अगदी शेजारी उभा होतो. उजवा कान तिथेच गेला. डावा रुपयाला दोन आणे राहिला. ही गोष्ट मी बनाबाईला सांगितली आणि धंदा विकून टाकतो म्हणालो. तिने डाव्या कानाला तोंड लावून सांगितले, "तुमास्नी ऐकू येत न्हाय, मला येतंय की!"

तेव्हापासून ती प्रत्येक कामाला येते. पिवळे लुगडे नेसते, म्हणजे लांबून दिसावी. बायकांत, सर्वांत लांबच्या कर्ण्याखाली बसते. मी माईकवर विचारतो, "हॅलो, हॅलो, शेवटच्या कर्ण्याखाली पोचतंय का?" तिने पदराने वारा घेतला की आवाज वाढवायचा, पदर तोंडाला लावला की कमी करायचा, नुसती बसून राहिली की ठीक. माझे कौशल्य ते एवढेच. लोकांनी ज्या आवाजाची तारीफ केली तो सहा वर्षे तिच्या कानाने लावलेला आहे. दोन वर्षांपूर्वी डावा कानही मिटला, तरी एकाही सभेला कर्ण्यातून शिट्टी वाजू दिली नाही. हंबीररावाचे वरील बोलणेही मी ओठांवरून वाचले. मिशीखाली थोडे राहून गेले असल्यास क्षमस्व.

कुस्तीच्या मैदानाची कामे मी सोडली तेव्हा लोक म्हणाले, इंगवल्याला माज आला. माज नव्हे. तिथे बायका बसत नाहीत.

ज्यांच्या हाकेला मी रस्त्यात ओ दिली नाही त्या सर्वांची माफी मागतो. मला लाज वाटली म्हणून हे लपवले. धंद्यासाठी लपवले असे म्हणणे सोपे होते, पण ते खोटे होईल. तिच्या कामाचे श्रेय मी सहा वर्षे खाल्ले, आणि ते आज परत करतो.

कलम ५. झाडावर चढून कर्णे बांधणारा गुंडू माळी हा वरील गोष्ट जाणतो, आणि त्याने आजवर कोणापाशी ब्र काढलेला नाही. त्याला मृत्युपत्रात काही ठेवत नाही. ज्याला मिळते त्यानेच साक्ष करणे बरे दिसत नाही असे वकील म्हणाले, आणि मला त्याची साक्ष हवी आहे. सायकल मी त्याला आज सकाळीच देऊन टाकली.

कलम ६. बनाबाईस सूचना. माईकवर बोटाने टकटक करणाऱ्या पुढाऱ्याला दुसरा, जुना माईक द्यावा. पान खाणाऱ्याला तोही देऊ नये. लांब बसलेल्या माणसाला वाटावे की बोलणारा आपल्याशीच बोलतो आहे. हे तुला मी काय सांगणार, तूच मला शिकवलेस.

कलम ७. माझ्या तेराव्याला, दिवसाउजेडी, तालमीसमोर चारही कर्णे बांधून हे मृत्युपत्र माईकवरून वाचावे. व्यवस्था वसंतराव देशिंगकर मास्तरांनी पाहावी, मात्र वाचावे बनाबाईनेच. ती चौथी शिकली आहे, अक्षर लावून वाचते. पेठेने एकदा तिचा आवाज ऐकला की धंदा कोणाचा हे कोणी विचारणार नाही.

वाचताना माझे नाव आले की 'आमचे हे' म्हणून पुढे सरकू नये. तीस वर्षांत तिने माझे नाव एकदाच घेतले, लग्नाच्या उखाण्यात, आणि तेव्हा वाजंत्री अशी कडाडत होती की मला ऐकू आले नाही. पुढे ती रीत पाळत राहिली, आणि मग माझे कान गेले. माझे नाव तिच्या तोंडून कसे ऐकू येते ते मला ठाऊक नाही. याची मला फार हळहळ आहे.

तरी वाचण्याआधी नेहमीप्रमाणे विचारावे, पोचतंय का. या वेळी शेवटच्या कर्ण्याखाली मी बसलो आहे असे समजावे.

स्थळ: कोल्हापूर. दिनांक ७ एप्रिल १९५७.

आम्हां दोघांसमक्ष इंगवले यांनी हे लिहून सही केली:
१. वसंत गोविंद देशिंगकर, शिक्षक
२. गुंडू भाऊ माळी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

लिहून ठेवणार,
नृसिंह सखाराम इंगवले

(बने, हे नावही वाच.)