बेल्ट किंचाळत होता

मी, गवत कापायची मशीन दुरुस्त करणारा दुकानदार, वय वर्षे एकाहत्तर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. कानांचाही दाखला मागितला तेव्हा ते खिडकीबाहेर बघू लागले. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते ज्याने केले त्या माणसाला सगळे ऐकू येत होते.

१. राहते घर पत्नीच्या नावे. "आता आमच्याकडे चला" म्हणत कोणी तिला तिथून हलवू नये. तिला जायचे असेल तर ती कोणाला विचारत बसणार नाही.

२. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी. मेहुण्याला काही नाही. त्याचा वाटा तो माझ्या ड्रिल मशीनसकट आधीच घेऊन गेला आहे.

३. दुकान. इथे खुलासा करणे भाग आहे.

मी एका गॅरेजात झाडूवाला म्हणून लागलो. मालक कशाला हात लावू देत नसे, पण कान लावायला त्याची परवानगी लागत नव्हती. त्या कानांवर मी हे दुकान उभे केले. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत मी त्याच्या मशीनचे दुखणे सांगतो. काउंटरपलीकडचे बोलणे मला आजही ऐकू येते, तेव्हा संबंधितांनी जपून बोलावे.

गेल्या महिन्यात शाळेचा माळी आपले बसून चालवायचे जुने मशीन घेऊन आला. मी चालू करून ऐकले आणि म्हणालो, "ठणठणीत आहे."

काउंटरवरून मुलगी म्हणाली, "बाबा, चाकांकडचा बेल्ट किंचाळतोय. झिजून गुळगुळीत झाला असणार."

"तुझे कान की माझे?" मी विचारले. गिऱ्हाइके हसली. मुलाने माझ्याकडे बघून मान डोलावली.

परवा मैदानाच्या उतारावर तोच बेल्ट तुटला. ब्रेक पुरला नाही, मशीन मागे घरंगळले आणि भिंतीवर आपटून उलटले. माळ्याने उडी टाकली म्हणून पायावर निभावले. दवाखान्यात तो मला म्हणाला, "शेठ, मला तर रोज ऐकू यायचं. पण तुम्ही ठणठणीत म्हणालात. म्हटलं, आपल्याच कानात काहीतरी असेल."

मी त्याच्या औषधांची चिठ्ठी मागून घेतली आणि खिशात घातली.

काल मशीन दुकानात आणून नवा बेल्ट चढवला. ताण देणारी पुली मुद्दाम ढिली ठेवली, म्हणजे बेल्ट घसरून किंचाळेल, आणि घरच्यांना म्हणालो, "किंचाळला की हात वर करा." मशीन चालू केले. मुलीचा हात वर गेला, मग मुलाचा. चहा घेऊन आलेल्या पत्नीने कप खाली ठेवून हात वर केला. मला नुसते इंजिन ऐकू येत होते, वरचा बारीक आवाज अजिबात नाही.

"थट्टा करताय माझी?" मी म्हणालो. कोणी हसले नाही.

मुलाला विचारले, "त्या दिवशीही ऐकू आलं होतं तुला?"

"आलं होतं."

"मग?"

"बाबा, तुमच्या कानापुढे कोण बोलणार?"

वरचे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले आहे. अक्षर वाईट असल्यास ते माझेच समजावे.

सबब दुकान, हत्यारे आणि पाटी मुलीच्या नावे. मुलाने मनात किंतु धरू नये. त्याचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, आणि मान डोलवायला त्याला मीच शिकवले. बहिणीने त्याला भागीदार करून घ्यावे, मात्र "ठणठणीत" हा शब्द तिनेच उच्चारावा.

४. माळी या कागदावर साक्षीदार आहे. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून त्याचे औषधपाणी आणि मशीनचे ब्रेक मी हयातीतच पाहीन.

५. वरील मजकूर वाचून दाखवल्यावर मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही जाईपर्यंत मी गप्प बसायचं?" मृत्युपत्र मरणानंतरच लागू होते, असे वकील समजावू लागले. तर उद्या सकाळपासून, तिने ऐकल्याशिवाय एकही मशीन दुकानाबाहेर जाणार नाही. हे कलम कायद्यात बसत नाही म्हणतात. तरी खोडू नये.

सही: लिहून ठेवणार, दुकानमालक

साक्षीदार: १. शाळेचा माळी (पाय प्लास्टरमध्ये, हात धड)
२. शेजारचा सायकलवाला

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: १४ ऑक्टोबर, मंगळवार